काळुरामचं लक्ष कुठे होतं

आवडाबाईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागायचं, आणि नेणारा माणूस एकच होता, तिचा नवरा काळुराम भोईर. तो पंच्याहत्तरीला टेकलेला. डोंबिवली पश्चिमेच्या मोठागावातून निघायचं, माणकोलीच्या पुलावरून खाडी ओलांडायची, नाशिक हायवेला लागायचं आणि माजिवड्याच्या अलीकडे हॉस्पिटल गाठायचं. तिला आत सोडून बाहेरच्या बाकड्यावर बसून राहायचं. तिचं रक्त मशीनमधून फिरून परत येईपर्यंत तो तिथेच चहा प्यायचा, तिथेच पेंगायचा, आणि मग तिला धरून गाडीत बसवून आला त्याच रस्त्याने परत.

डोंबिवलीतल्या सेंटरला नाव घालून ठेवलं होतं. तिथे जागा होत नव्हती. एखादं नाव कमी झालं तरच दुसरं आत जातं, हे काळुरामला कळत होतं, म्हणून तो फार चौकशीही करत नसे.

गाडी त्याच्या हाताला नवी नव्हती. तरुणपणी तो रेतीबंदरावरून रेतीचा ट्रक चालवायचा. पुढे खाडीकाठच्या शेतावर बिल्डिंगा उभ्या राहिल्या, घरात चार पैसे आले, ट्रक विकला गेला. तरी स्टेअरिंग सुटलं नाही. हळदीला, साखरपुड्याला, जेजुरीला भावकीतली माणसं भरून न्यायची तर काळुरामच लागायचा. अलीकडे मात्र दिवस मावळल्यावर तो गाडी काढत नसे. समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. "संध्याकालचा टायमच बेकार," एवढंच म्हणायचा.

एकदा ड्रायव्हर ठेवून पाहिला होता. परतीच्या वाटेवर आवडाबाईला उलटी झाली. ड्रायव्हरने नाकाला रुमाल लावला, खिडक्या उघडल्या आणि घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी आलाच नाही. आवडाबाईला त्याचं फार लागलं. "मना त्याच्यासमोर लाज वाटली," म्हणाली. तेव्हापासून काळुरामने दुसरा ड्रायव्हर शोधला नाही.

त्यांचा मुलगा दिपेश बोटीवर इंजिनिअर. सहा-सहा महिने समुद्रावर. आईसाठी आपण काही करत नाही हे त्याला डाचत असणार, म्हणून त्याने मागच्या सुट्टीत जुनी गाडी विकून नवी घेतली. या गाडीला अक्कल होती. रस्त्यावरचा पांढरा पट्टा ओलांडला की स्टेअरिंग थरथरायचं. पुढची गाडी जवळ आली की लाल दिवा लागून टिंगटिंग व्हायचं, आणि तरीही पाय ब्रेकवर गेला नाही तर गाडी आपली आपण ब्रेक मारायची. वर दिपेशने आरशाखाली एक छोटा कॅमेरा बसवून घेतला. त्याचं तोंड रस्त्याकडे नव्हतं, ड्रायव्हरकडे होतं.

"यो माज्याकडं कशाला बगतंय?" काळुरामने विचारलं.

"तुला झापड आली, नाहीतर तू इकडेतिकडे बघायला लागलास, तर तो ओरडणार बाबा."

आवडाबाई सीटवर टेकून बसली होती. ती म्हणाली, "येवडी वर्सं मी ओरडतंय, माजं आयकलं नाय. याचं काय आयकंल?"

तिघंही हसली. दिपेश चार दिवसांनी परत बोटीवर गेला. जाताना त्याने गाडीला आणि कॅमेऱ्याला जोडलेलं ॲप बहिणीच्या फोनमध्ये टाकलं. "मला समुद्रावर नेटवर्क नसतं ताई. काही झालं तर तुला कळेल."

ती बहीण म्हणजे निशा. चाळिशी ओलांडलेली, घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या पुढे एका टॉवरमध्ये राहणारी, वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत नोकरभरतीचं काम करणारी. सकाळी मुलीचा डबा, नवऱ्याचा डबा, मग स्वतःची छोटी जुनी गाडी काढून मेट्रोच्या खांबांमधून तासभर रांगत ऑफिस. संध्याकाळी तेच उलटं. आईबापाकडे महिन्यातून दोनदा जाणं व्हायचं, आणि तेवढ्याने भागत नाही हे तिला ठाऊक होतं. ॲप फोनमध्ये आलं तेव्हा तिला उलट बरंच वाटलं होतं. लांबून का होईना, आपण लक्ष ठेवतोय.

पहिल्याच सोमवारी फोन कोकलायला लागला. चालकाचं लक्ष विचलित. थोड्या वेळाने, डोळे मिटलेले. मग जोरात ब्रेक. परत लक्ष विचलित. प्रत्येक सूचनेबरोबर काही सेकंदांचा व्हिडिओ यायचा. निशा मीटिंगमध्ये टेबलाखाली फोन धरून बघायची. डोळे मिटल्याच्या बहुतेक सूचना खोट्या होत्या. बाबाच्या पापण्या वयाने खाली लोंबल्या होत्या, मशीनला तो जागेपणीही झोपलेला वाटायचा. पण लक्ष विचलित होतं, ते खरं होतं. दर व्हिडिओत बाबाची मान डावीकडे वळलेली असायची. थोडा वेळ तशीच राहायची, मग परत समोर.

ती लगेच फोन लावायची. तो गाडी चालवत असायचा, उचलायचा नाही. मग ती परत लावायची. कधीतरी उचलला की तो एवढंच म्हणायचा, "पोचलो गो, पोचलो. ठेव."

असे दोन महिने गेले. निशाची झोप कमी झाली. डायलिसिसच्या दिवशी सकाळपासून ती फोन हातातून खाली ठेवत नसे, वाजला तरी आणि नाही वाजला तरी. नवरा ऋतुराज म्हणाला, "तू ते आवाज बंद कर, दिवसातून एकदा बघ." तिला ते पटलं. पण बंद मात्र करवेना. न बघता काही झालं तर, हा विचार तिला सोडत नव्हता.

एका रविवारी ती मोठागावला गेली. जेवण झालं, आवडाबाई आत आडवी झाली. निशाने ओट्यावर बाबाशेजारी बसून फोन त्याच्या हातात दिला. "हे बघ जरा."

काळुरामने चष्मा लावला. स्वतःला असं त्याने कधी पाहिलं नव्हतं. तोंड अर्धवट उघडं, गळ्याची कातडी सैल, डोळे बारीक. मान डावीकडे जाते, समोर येते, परत डावीकडे जाते. त्याने एक व्हिडिओ पाहिला, दुसरा पाहिला. तिसऱ्याला फोन परत दिला.

"लई म्हातारा दिसतंय गो मी," तो म्हणाला.

"बाबा, दिसण्याचं नाही बोलत मी. तुझं लक्ष कुठे असतं? हायवेवर ट्रेलर असतात, कंटेनर असतात. एक सेकंद पुरतो."

"ठावं हाय मना."

"मग? आता नको ना चालवू. बस झालं."

काळुरामने खाडीकडे बघत चष्मा काढला. मग म्हणाला, "मंग तू नेशील?"

त्यात टोमणा नव्हता. त्याने साधं विचारलं होतं. निशाच्या सुट्ट्या आधीच संपल्या होत्या. आईला दोनदा ॲडमिट केलं तेव्हाच.

"मी बघते काहीतरी," ती म्हणाली.

"बग," तो म्हणाला, आणि उठून गुरांच्या जुन्या गोठ्यात लावलेल्या गाडीवरचं कापड झटकायला गेला.

पुढच्या सोमवारची गोष्ट. सोमवार आवडाबाईला नेहमीच जड जायचा, कारण मध्ये शनिवार-रविवार दोन दिवस मोकळे जायचे आणि अंगात पाणी साठायचं. त्या दिवशी उठल्यापासूनच तिला धाप लागली होती. पाय सुजलेले, ओठ काळपट. काळुरामने तिला पुढच्या सीटवर बसवलं, सीट मागे केली, पाठीला उशी दिली. मागे बसलं की तिला मळमळायचं.

निशाला यातलं काही माहीत नव्हतं. ती घोडबंदर रोडला मानपाड्याच्या अलीकडे होती. गाड्या हळूहळू सरकत होत्या. एका बाजूला मेट्रोच्या कामाचे पत्रे, दुसरीकडे बस. फोन समोरच्या स्टँडला लावलेला. तो वाजला, पण नेहमीसारखा नाही. लांब, कर्कश, थांबतच नव्हता. पडद्यावर लाल अक्षरं आली. धडकेचा धोका. गाडीने आपोआप ब्रेक लावला.

असा मेसेज आधी कधी आला नव्हता. तिने बाबाला फोन लावला. रिंग जात राहिली. परत लावला. तोवर व्हिडिओ यायला लागला होता, पण नेटवर्क अडकलं, नुसतं गोल चक्र फिरत राहिलं. तिने फोन स्टँडवरून काढून हातात घेतला. पुढच्या गाड्या सुटल्या, तशी तिचीही गाडी सुटली, सवयीने, पायाने आपली आपण सोडल्यासारखी. चक्र थांबलं. बाबाचा चेहरा दिसला, मान डावीकडे वळलेली. मग एक हिसका, आणि बाबा पुढे झुकलेला, डोळे एवढे मोठे.

त्याच वेळी तिच्या स्वतःच्या गाडीला धक्का बसला.

फार मोठा आवाज झाला नाही. निशाने वर पाहिलं तर समोर काहीच नव्हतं. मघाशी तिथे एक निळी स्कूटर होती. निशा खाली उतरली. स्कूटर आडवी पडलेली, आणि तिच्याखाली एक बाई, हेल्मेट घातलेली, उजवा पाय चाकाखाली अडकलेला. बाई ओरडत नव्हती. "पाय काढा, पाय काढा," एवढंच हळू आवाजात म्हणत होती.

लोकांनी स्कूटर उचलली. बसचा ड्रायव्हर खाली उतरून आला, पोलीस आला, मागे हॉर्न सुरू झाले. निशाने त्या बाईला आपल्याच गाडीत मागच्या सीटवर झोपवलं. एक अनोळखी मुलगी तिचं डोकं धरून बसली. जवळच्या हॉस्पिटलपर्यंत जायला पाच मिनिटांचा रस्ता, पण निशाला गिअर सापडत नव्हता.

बाईचं नाव विनिता. पन्नाशीची, मनोरमानगरला राहणारी, ढोकाळीला ब्लाउज शिवण्याचं छोटं दुकान असलेली. एक्स-रे निघाला. घोट्याची दोन हाडं मोडली होती, ऑपरेशन करून प्लेट टाकावी लागणार होती. तिचा मुलगा मयूर धावत आला, कॅज्युअल्टीच्या दारातच निशावर तुटून पडला. "दिसत नाही का? गाडी चालवता की काय करता? ट्रॅफिकमध्ये कोण ठोकतं?" निशा भिंतीला टेकून ऐकत राहिली. मग विनितानेच त्याला आवाज दिला, "मयूर, ओरडू नको. डोकं दुखतंय माझं."

तो औषधं आणायला गेला, तेव्हा विनिताने निशाला जवळ बोलावलं.

"फोनवर होतीस ना?"

निशाने हातातला फोन पर्समध्ये टाकला.

"आरशात दिसत होतीस मला," विनिता म्हणाली. "तुझी मान खाली होती. मला वाटलं, आता वर बघेल, आता वर बघेल. पुढे खड्डा होता म्हणून मी थांबले. तू वर बघितलंच नाहीस."

"हो. फोन बघत होते," निशा म्हणाली. "माझे वडील…" आणि तिने वाक्य तिथेच सोडलं. वडिलांचं पुढे काय सांगणार, आणि या बाईला त्याचं काय.

"उजवा पाय आहे," विनिता म्हणाली. "माझी मशीन मोटरची आहे. पण मोटरलापण उजवाच पाय लागतो. लग्नाचे ब्लाउज आहेत गं माझ्याकडे. आता कोणाला देऊ?"

दुपारी पोलिसांनी जबाब घेतला. ऋतुराज फोनवर सांगत होता, "फोनचं कशाला बोलतेस? तिने अचानक ब्रेक मारला म्हण, बसवाला तसंच बोलतोय." निशाने ते ऐकून घेतलं. पण खोटं उभं करायला आणि ते पुढे सांभाळायला जी ताकद लागते, ती तिच्यात उरली नव्हती. तिने झालं तसं सांगितलं. हवालदाराने मान वर करून एकदा तिच्याकडे पाहिलं आणि लिहून घेतलं.

या सगळ्यात बाबाचा फोन येऊन गेला होता. "आमी बरी हाव. तू का फोन करत व्हतीस?" निशाने अपघाताचं सांगितलं. मग तो म्हणाला, "येतो मी." ती नको नको म्हणत राहिली, फोन कट झाला होता.

ऊन कलल्यावर ते आले. डायलिसिस करून, आवडाबाईला गाडीत घेऊन, घराच्या उलट्या दिशेला. निशा खाली पार्किंगमध्ये गेली. आई सीटवर डोळे मिटून पडली होती, हाताला पट्टी, चेहरा धुतल्या कपड्यासारखा. निशा मागच्या सीटवर बसली आणि दार ओढून घेतलं. आत एसीचा हलका आवाज येत होता.

"बाई कशी हाय?" काळुरामने विचारलं.

"उद्या ऑपरेशन आहे."

"तुना लागलं?"

"नाही." मग ती म्हणाली, "बाबा, सकाळी काय झालेलं? त्या मेसेजमुळे मी घाबरलेली. तू फोन का नाही उचलला?"

"गाडी बाजूला लावलेली. तुज्या आयला पानी देत व्हतो."

"पण झालेलं काय?"

काळुरामचे दोन्ही हात अजून स्टेअरिंगवरच होते. कोणीतरी मध्ये घुसलं, रिक्षावाल्याने कट मारला, असं काहीही तो सांगू शकला असता. त्या रस्त्यावर ते सहज खपलं असतं.

"पूल उतरल्यावर टेंपो उबा व्हता," तो म्हणाला. "सरल रस्त्यात. लांबून दिसंल असा. मना दिसला नाय."

"म्हणजे?"

"मी हिच्याकडं बगत व्हतो. सकालपासून धाप लागलेली. मदीच ती गप झाली. डोले मिटले. मना वाटलं… छाती हालते का नाय, ते बगत व्हतो. रोजच बगतंय. जाताना बगतंय, येताना बगतंय. गाडीनं ब्रेक मारला तवा मी समोर बगितलं. ही गाडी नसती त आमी दोगंपन टेंपोखाली गेलो असतो."

दोन महिने निशा हेच म्हणत आली होती, तुझं लक्ष नसतं, एक दिवस घात होईल. आज तो स्वतःहून कबूल करत होता. पण आपलं खरं ठरलं याचं तिला काहीच वाटलं नाही. त्या सगळ्या व्हिडिओंत मान डावीकडे का वळते, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं. कॅमेऱ्यात डावी सीट येत नव्हती.

आवडाबाईने डोळे उघडले नाहीत. पण ती ऐकत होती.

"यो माज्याकडं बगतंय, तू याच्याकडं बगतंस," ती हळूच म्हणाली. "रस्त्याकडं कोन बगनार गो?"

निशाला रडू आलं. ती मागच्या सीटवर तोंडाला ओढणी लावून रडली. पुढे बसलेल्या दोघांपैकी कोणी तिला गप्प राहा म्हटलं नाही. काळुरामने एसीचा झोत तेवढा आवडाबाईच्या तोंडावरून बाजूला वळवला.

मग त्याने चावी काढली आणि मागे हात करून निशाला दिली. "तू चालव. घरी सोड आमाला. माजे हात कापतात आज."

निशाने चावी घेतली, पण तिलाही आज स्टेअरिंगला बसवेना. शेवटी ऋतुराज ऑफिसमधून आला आणि त्याने सगळ्यांना मोठागावला नेऊन सोडलं. वाटेत गाडी आठ-दहा वेळा वाजली. पट्टा, रिक्षा, मध्येच शिरलेली बाइक. दर वेळी चौघंही दचकली.

पुढचे दिवस कटकटीचे गेले. विनिताचं ऑपरेशन नीट झालं. खर्च निशाच्या घराने उचलला, इन्शुरन्सचे लोक फोटो काढून गेले, पोलीस ठाण्यात तीन खेपा झाल्या. लायसन्सचं काय होईल ते कोणी नीट सांगेना. निशा बसने ऑफिसला जायला लागली. उभी राहून, एका हाताने दांडा धरून. त्यात तिला एक गोष्ट बरी वाटायची, आपल्या हातात काही नाही ही.

दिपेशचा फोन कुठल्याशा बंदरावरून आला. सगळं ऐकून तो आधी म्हणाला, "बघ ना ताई, सिस्टिम काम करते. बाबा वाचले."

"हो, वाचले."

"मग तू ॲप का काढलंस?"

"कारण मी तिथे नसते दिपेश. फोन वाजतो घोडबंदरला आणि ब्रेक मारायचा असतो माणकोलीला. मी काय करणार होते? घाबरण्यापलीकडे मी एकदा तरी काही केलं का?"

"पण मग काही झालं तर कळणार कोणाला?"

"गाडीत असेल त्याला. वाजू दे ना तिथे. त्यालाच ऐकू येऊ दे."

दिपेश म्हणाला, "बाबा आता चालवणार आहेत?"

त्याचं उत्तर तोवर ठरलं होतं. काळुरामने अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी स्वतः जाऊन जगनला विचारलं होतं. जगन त्यांच्याच भावकीतला, पन्नाशीचा, बरीच वर्षं कंपनीची बस चालवलेला आणि कंपनी बंद झाल्यावर घरी बसलेला. काळुरामने त्याला आधीच सांगून टाकलं, "तिला उलटी व्हते कदी कदी. तुना चालंल कं?"

"काकीला उलटी झाली त मी काय आरती ओवालू? पुसून काडू," जगन म्हणाला.

पहिल्या दिवशी काळुराम मागे बसला तेव्हा त्याला बसताच येईना. पाय कुठे ठेवायचा ते कळेना, आणि समोर गाडी आली की उजवा पाय चटईवर दाबला जायचा. जगन आरशातून बघायचा. आवडाबाईनेही पुढची सीट सोडली, मागे त्याच्या बाजूला बसायला लागली. मळमळलं तर पिशवी हाताशी असायची. ती त्याच्या खांद्यावर डोकं टाकून झोपायची, आणि तो तिच्याकडे हवा तितका वेळ बघू शकायचा. पण एकदा त्याने निशाला फोनवर सांगितलं, "मना आता मागं बसून झोप येते गो. ट्रकच्या वक्तापासून यवडा गाडीत कदी झोपलो नाय." त्यात सुटकाही होती आणि काहीतरी गेल्याचं दुःखही. निशाने दोन्ही ऐकलं.

कॅमेरा जगनवरही ओरडायचा. तो जांभया फार द्यायचा.

पावसाळा संपत आला तेव्हा विनिताचं प्लास्टर निघून बरेच आठवडे झाले होते. निशा अधूनमधून तिच्याकडे जायची. सुरुवातीला मयूर दारातूनच बोलायचा. नंतर आत ये म्हणायला लागला. विनिताशी तिची मैत्री वगैरे झाली नाही. दोघींना बोलायला फार विषयही नव्हते. विनिताने लग्नाचे ब्लाउज दुसऱ्या बाईला दिले होते, आणि त्यातली काही गिऱ्हाइकं तिकडेच राहिली. ते तिने निशाला सांगितलं, लपवलं नाही.

मध्यंतरी निलंबित झालेलं लायसन्स निशाला परत मिळालं होतं. फोन ती आता पर्समध्ये घालून पर्स डिकीत ठेवायची. एका शनिवारी ती विनिताच्या दुकानात गेली, तेव्हा विनिता शटर ओढत होती. हातात काठी, उजव्या पायाला जाड पट्टा.

"आज मशीनवर बसले थोडा वेळ," विनिता म्हणाली. "डाव्या पायाने दाबते. शिलाई वाकडी जाते, पण जाते."

"आणि स्कूटर?"

"मयूर चालवतो. मी नाही बसत. मागून गाडीचा आवाज आला ना, की पाय आखडतो माझा. रस्त्यावरून चालतानासुद्धा."

निशाने शटरचं कुलूप लावून दिलं. विनिताच्या हातातली कापडाची पिशवी घेतली. "चला, मी सोडते घरी. गाडी आणलीय."

विनिता थांबली. रस्त्याच्या कडेला निशाची ती छोटी गाडी उभी होती, पुढचा बंपर नवा, बाकी सगळी जुनी. विनिताने तिच्याकडे पाहिलं, मग निशाकडे.

"तुझ्या गाडीत नको," ती म्हणाली. "राग नाही गं. पण नको. रिक्षा बघ एखादी."

निशा रस्त्यावर जाऊन उभी राहिली. शनिवारची संध्याकाळ, सगळ्या रिक्षा भरलेल्या. रिकाम्या होत्या त्या एवढ्या जवळच्या भाड्याला मान हलवून पुढे जात होत्या. ती हात वर करून उभी राहिली, आणि विनिता मागे दुकानाच्या पायरीवर काठी टेकून बसली. बऱ्याच वेळाने एक म्हातारा रिक्षावाला थांबला. निशाने विनिताला दंडाला धरून आत बसवलं, काठी आडवी ठेवली, पिशवी मांडीवर दिली.

"सावकाश न्या काका," ती म्हणाली. "पायाला लागलंय त्यांच्या."

"बसा, बसा," तो म्हणाला आणि मीटर टाकला.